४२९४९६७२९७ : एका संख्येचे वर्गीकरण

एखाद्या मोठ्या पूर्णांकाचे गुणधर्म सांगावयास गेले म्हणजे बहुधा त्यांची एक लांबलचक यादी तयार होते. संख्या विषम आहे, संयुक्त आहे, वर्गमुक्त आहे, दोन वर्गांची बेरीज आहे, इत्यादी. अशा यादीत सर्व गुणधर्म एका रांगेत बसविलेले असतात. त्यांपैकी कोणता खुद्द संख्येचा, कोणता केवळ तिच्या लेखनपद्धतीचा आणि कोणता आपण लावलेल्या कसोटीच्या उणिवेचा, हा भेद यादीवरून कळत नाही. प्रस्तुत लेखात ४,२९,४९,६७,२९७ ही एकच संख्या घेऊन तो भेद स्पष्ट करण्याचे योजिले आहे. निवड सहेतुक आहे. ही संख्या एका श्रेष्ठ गणितज्ञाने चुकीच्या वर्गात घातली होती, आणि ती चूक उघडकीस येण्यास ब्याण्णव वर्षे लागली.

आपली संख्या म्हणजे २^३२+१ होय. येथे व पुढे ^ ह्या चिन्हाने घात दर्शविला आहे. न ह्या पूर्णांकासाठी २^(२^न)+१ ह्या संख्येस फ(न) म्हटले तर फ(०)=३, फ(१)=५, फ(२)=१७, फ(३)=२५७ व फ(४)=६५,५३७ असे मिळते. ह्या पाचही मूळ संख्या आहेत. पुढची फ(५) म्हणजेच आपली संख्या. पियेर द फर्मा ह्याने १६४० साली फ्रेनिक्ल ह्यास लिहिलेल्या पत्रात ह्या मालिकेतील प्रत्येक संख्या मूळ असावी असे आपले मत कळविले. सिद्धता आपणाजवळ नाही हे त्याने मोकळेपणाने मान्य केले होते. १६५४ साली पास्कालला लिहितानाही सिद्धता सापडत नसल्याची कबुली त्याने दिली. मात्र विधानाच्या सत्यतेविषयी त्याच्या मनात शंका नव्हती.

१७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाखने ऑयलरला पत्र लिहून ह्या विधानाकडे त्याचे लक्ष वेधले, आणि १७३२ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे ऑयलरने पुढील गुणाकार ठेवला :

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७.

६४१ ही मूळ संख्यांच्या क्रमात ११६ वी आहे. म्हणजे कोणतीही युक्ती न वापरता २, ३, ५, ७ असे एकामागून एक भाजक घेत गेले असते, तरी ११६ व्या भागाकारात निकाल लागला असता. चिकाटीच्या गणकास हे दोन-चार दिवसांचे काम होते. फर्माने ते केले नाही, किंवा करताना कोठे तरी त्याचा हिशेब चुकला; यांपैकी काय घडले हे ठरविण्यास साधन नाही. ऑयलरला मात्र ११६ भागाकार करावे लागले नाहीत. प हा मूळ विभाजक असेल तर २^३२ ला प ने भागिले असता −१ उरतो, म्हणून २^६४ ला भागिले असता १ उरतो. यावरून प ह्या मापांकास अनुलक्षून २ ची कोटी बरोबर ६४ ठरते, आणि ती प−१ ला निःशेष भागते. म्हणून प हा ६४क+१ ह्या रूपाचाच असला पाहिजे. ह्या रूपाच्या मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ अशा येतात. पाचव्याच प्रयत्नास यश. (१७३२ च्या लेखात ऑयलरने ह्या नियमाची सिद्धता दिली नव्हती, ती त्याने नंतर प्रसिद्ध केली.)

एद्वार ल्युका ह्याने १८७८ साली ही अट आणखी आवळली. प हा ८क+१ रूपाचा असल्यामुळे २ हा त्याचा वर्गशेष असतो, आणि त्यामुळे प हा १२८क+१ रूपाचाच असावा लागतो. आता उरतात फक्त २५७ व ६४१. पैकी २५७ म्हणजे फ(३). आणि फ(०) ते फ(४) ह्यांचा गुणाकार फ(५)−२ इतका असल्यामुळे त्यांपैकी एकही फ(५) ला भागू शकत नाही. म्हणजे पहिलाच खरा उमेदवार ६४१. एकशे सोळांवरून पाचांवर, पाचांवरून एकावर. संख्येची रचना जितकी समजावी तितके गणन आटते.

भागाकार न करताही ६४१ ची विभाजकता दाखविता येते, व ती रीत वर्गात सांगण्याजोगी आहे. ६४१ = ५^४+२^४, तसेच ६४१ = ५×२^७+१. पहिल्यास २^२८ ने गुणिले असता ५^४×२^२८+२^३२ मिळते व त्यास ६४१ ने भाग जातो. दुसऱ्यावरून (५×२^७)^४−१, म्हणजे ५^४×२^२८−१, ह्यासही ६४१ ने भाग जातो. वजाबाकी केली की २^३२+१ उरते.

दुसरा अवयव ६७,००,४१७ हा मूळ आहे काय? त्याचे वर्गमूळ सुमारे २,५८८ आहे. त्याचा कोणताही मूळ विभाजक आपल्या मूळच्या संख्येचाही विभाजक असणार, म्हणून तो १२८क+१ रूपाचा हवा. आणि ६४१ हा सर्वांत लहान असल्याने तो त्याहून लहान नसणार. ६४१ पासून २,५८८ पर्यंत अशा मूळ संख्या चारच आहेत : ६४१, ७६९, १,१५३ व १,४०९. त्यांनी भागिले असता बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४ व ६२२ येतात. म्हणून ६७,००,४१७ मूळ आहे आणि आपली संख्या नेमक्या दोन भिन्न मूळ संख्यांचा गुणाकार आहे. संख्या वर्गमुक्त आहे, तिचे विभाजक चार आहेत, तिच्याहून लहान व तिच्याशी सहमूळ अशा संख्या ४,२८,८२,६६,२४० आहेत, आणि स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज ६७,०१,०५९ म्हणजे संख्येच्या मानाने नगण्य असल्यामुळे ती न्यून वर्गात मोडते. अवयव हाती आल्यावर हे सारे आपोआप येते. त्यासाठी वेगळा विचार लागत नाही.

लंडनमध्ये १८१२ च्या सुमारास आणलेल्या झेरा कोलबर्न ह्या लहान अमेरिकन मुलाने हीच संख्या विचारली असता ६४१ हा अवयव तोंडी सांगितला, असे सांगतात. तो कोणत्या रीतीने तेथवर पोहोचला हे त्याला समजावून सांगता आले नाही.

आता एका अधिक खोल गुणधर्माकडे वळू. ४क+१ रूपाची मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात मांडता येते व ती एकाच प्रकारे, हा सिद्धान्त स्वतः फर्माचाच. आपल्या संख्येची एक मांडणी तर समोरच आहे : ६५,५३६^२+१^२. परंतु आणखी एक आहे :

६२,२६४^२+२०,४४९^२ = ३,८७,६८,०५,६९६+४१,८१,६१,६०१ = ४,२९,४९,६७,२९७.

दोन निराळ्या मांडण्या मिळाल्या, म्हणून संख्या मूळ नाही. एकही भागाकार न करता, एकही अवयव ठाऊक नसताना तिचा वर्ग निश्चित झाला! ज्या सिद्धान्ताने फर्माचे मत खोटे ठरते तो सिद्धान्त त्याच्याच संग्रहात होता. अर्थात् दुसरी मांडणी शोधणे हे भागाकाराहून सोपे नव्हे, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

ह्या दोन मांडण्यांतून अवयवही काढता येतात. ६५,५३६ व ६२,२६४ ह्यांची वजाबाकी ३,२७२. २०,४४९ व १ ह्यांची वजाबाकी २०,४४८. ह्या दोहोंचा महत्तम साधारण विभाजक ८ आहे. तसेच बेरजा घेतल्या तर १,२७,८०० व २०,४५० मिळतात, आणि त्यांचा महत्तम साधारण विभाजक ५० आहे. ८ व ५० ह्यांची निमपट ४ व २५; आणि ४^२+२५^२ = ६४१. हा योगायोग नव्हे. दोन वर्गांच्या बेरजा असलेल्या दोन संख्यांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो, व ती दोन प्रकारे मांडता येते. ह्या नित्यसमीकरणाचे अधिक व्यापक रूप ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धान्तात दिले. आपल्याकडील ग्रंथकार त्या क्रियेस भावना म्हणतात. येथे ६४१ = २५^२+४^२ व ६७,००,४१७ = २,५५६^२+४०९^२. भावना करावयाची म्हणजे २५×२,५५६ = ६३,९०० व ४×४०९ = १,६३६ ह्यांची बेरीज आणि वजाबाकी घ्यावयाची : ६५,५३६ व ६२,२६४. तिरकस गुणाकार २५×४०९ = १०,२२५ व ४×२,५५६ = १०,२२४; त्यांची वजाबाकी १ व बेरीज २०,४४९. १०,२२५ आणि १०,२२४ ह्यांत केवळ एकाचे अंतर पडते, आणि त्या एकामुळेच २^३२ ला जोडलेला १ निर्माण होतो. हा हिशेब विद्यार्थ्यांनी एकदा स्वतः करून पाहावा. (जाता जाता : २०,४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग आहे. ह्यास मात्र योगायोगापलीकडे अर्थ असल्याचे प्रस्तुत लेखकास दिसत नाही.)

फर्माची फसगत कशी झाली असावी, ह्याविषयी एक तर्क केला जातो. त्याच १६४० साली त्याने आपला दुसरा प्रसिद्ध सिद्धान्त कळविला होता : प मूळ असेल व अ ला प ने भाग जात नसेल, तर अ^(प−१) ला प ने भागिले असता १ उरतो. ही कसोटी आपल्या संख्येला अ=२ घेऊन लावून पाहू. २^३२ ची बाकी −१, म्हणून २^६४ ची बाकी १. प−१ च्या जागी २^३२ असून त्यास ६४ ने भाग जातो, म्हणून २ चा तो प्रचंड घात घेतला तरी बाकी १ च राहते. संख्या कसोटीस उतरली, आणि तरीही ती मूळ नाही! अशा संख्येस आपण २ ह्या पायाची छद्ममूळ संख्या म्हणू. घातांकाची वर्गमुळे तपासणारी जी अधिक कडक कसोटी पुढे प्रचारात आली, तीतूनही ही संख्या २ ह्या पायावर सहीसलामत सुटते. कारण २, ४, १६, २५६, ६५,५३६ असे वर्ग करीत गेले की बरोबर −१ वर येऊन थांबावे लागते. फ(न) मालिकेतील प्रत्येक संख्येची हीच स्थिती आहे. म्हणजे ह्या मालिकेपुरती २ ची कसोटी सर्वस्वी निरुपयोगी आहे : ती मूळ व संयुक्त दोघांनाही एकच उत्तर देते.

येथे छद्ममूळ हे विशेषण कोणाचे, असा प्रश्न उपस्थित होतो. ते संख्येचे एकटीचे नाही. संख्या व पाया ह्या जोडीचे आहे. आपल्या संख्येहून लहान अशा किती पायांवर ही फसगत होते ते मोजता येते. ६४१−१ = ६४० व २^३२ ह्यांचा महत्तम साधारण विभाजक १२८; ६७,००,४१६ = १२८×५२,३४७ असल्यामुळे तेथेही तो १२८. म्हणून फसविणारे पाये १२८×१२८ = १६,३८४ इतकेच. सव्वाचारशे कोटींहून अधिक पायांत सोळा हजार, म्हणजे सुमारे २,६२,१४४ पायांमागे एक. डोळे मिटून पाया निवडला असता तर फसण्याचा संभव जवळजवळ नव्हताच. परंतु जो पाया कोणीही सर्वप्रथम हाती घेईल तो २, आणि नेमका तोच त्या सोळा हजारांपैकी निघाला, कारण संख्याच २ च्या घातापासून बनविलेली आहे. संख्येच्या व्याख्येत जी सामग्री वापरली तिच्याच साहाय्याने तिची परीक्षा घेऊ नये, हा धडा संशोधकास अन्यत्रही उपयोगी पडेल.

३ हा पाया घेतला असता चित्र एकदम पालटते. ३^(२^३२) म्हणजे ३ पासून आरंभ करून बत्तीस वेळा वर्ग करावयाचा व दर वेळी बाकी ठेवावयाची. शेवटी बाकी ३,०२,९०,२६,१६० येते. १ येत नाही. बत्तीस गुणाकार व बत्तीस भागाकार, म्हणजे फर्माच्या काळी एका दीर्घ दिवसाचे काम, आणि त्यास लागणारा सिद्धान्त त्याचा स्वतःचा. १८७७ साली पेपांने ह्यातूनच एक निर्णायक कसोटी तयार केली : न हा ० हून मोठा असता, ३ चा (फ(न)−१)/२ वा घात घेऊन फ(न) ने भागिल्यावर बाकी −१ आली तर फ(न) मूळ, अन्यथा संयुक्त. आपल्या संख्येसाठी एकतीस वर्ग केल्यानंतर बाकी १,०३,२४,३०३ येते. ही कसोटी एकतर्फी नाही; दोन्ही बाजूंनी निर्णय देते.

संख्येच्या दशमान लेखनावर अवलंबून असलेले वर्ग ही निराळीच जात आहे. त्यांत देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) ह्यांचे नाव अग्रगण्य आहे. अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटले. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ५९. ५९ ने भागिले असता ५२ उरतात, म्हणून ती हर्षद नाही. त्यांचाच दुसरा विचार असा : एखाद्या संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळविली की नवी संख्या जन्मास येते, ज्या संख्येला अशी जननी नसते ती स्वयंभू. आपली संख्या स्वयंभू आहे काय? ४,२९,४९,६७,२४५ ह्या संख्येच्या अंकांची बेरीज ५२, आणि ती तिच्यात मिळविली की नेमकी आपली संख्या येते. शेवटचे दोन अंक दश व एकक धरून समीकरण मांडले तर अशी जननी ही एकच आहे हेही दिसून येते. म्हणून ती स्वयंभू नाही.

ह्या वर्गांना काही मंडळी क्षुल्लक मानतात. ते मत प्रस्तुत लेखकास मान्य नाही. एकच जननी, अनेक जननी की एकही नाही, हा प्रश्न बीजगणिताने सोडवावयाचा खरा प्रश्न आहे. मात्र तो संख्या व दहा हा पाया ह्या जोडीविषयीचा आहे. पाया बदलला की उत्तर बदलते. दशमान पद्धतीत आपली संख्या उलट वाचली तर निराळी होते. द्विमान पद्धतीत तीच १, मग एकतीस शून्ये व पुन्हा १ अशी तेहतीस अंकी दिसते आणि उलटसुलट एकच राहते. १६ पायावर ती १००००००१ अशी दिसेल असे घाईने लिहिले जाते, पण तेथे दोन एकांमध्ये सात शून्ये हवीत : १०००००००१. ६५,५३६ ह्या पायावर तर ती नुसती १०१ आहे. हर्षदत्व, स्वयंभूत्व किंवा उलटसुलटपणा ह्यांतील एकही गोष्ट ६४१ ची विभाजकता जशी संख्येची स्वतःची आहे तशी तिची स्वतःची नाही.

वर्गीकरणाचा परिणाम किती दूर पोहोचतो हे भूमितीत दिसते. १७९६ साली गाउसने सतरा भुजांची सुसम आकृती पट्टी व कंपासाने काढता येते हे शोधून काढले, आणि १८०१ च्या ग्रंथात सामान्य नियम सांगितला : विषम भुजासंख्या ही फ(न) मालिकेतील भिन्न मूळ संख्यांचा गुणाकार असेल तर आकृती काढता येते. ही अट आवश्यकही आहे हे वांत्सेलने १८३७ मध्ये दाखविले. ६४० ला ५ ने व ६७,००,४१६ ला ३ ने भाग जातो. दोहोंपैकी एकही २ चा घात नाही. म्हणून ४,२९,४९,६७,२९७ भुजांची सुसम आकृती ह्या साधनांनी अशक्य आहे. परंतु दोन भुजा कमी करा. ४,२९,४९,६७,२९५ = ३×५×१७×२५७×६५,५३७; ही आकृती तत्त्वतः काढता येते, आणि ज्ञात असलेल्या अशा विषमभुज आकृतींत तीच सर्वांत मोठी आहे. मधली ४,२९,४९,६७,२९६ भुजांची आकृतीही निव्वळ दुभाजनाने साध्य होते. फर्माचे मत खरे असते तर ही मर्यादा येथे पडली नसती.

पुढच्या संख्यांचा वृत्तान्त थोडक्यात. फ(६) चा २,७४,१७७ हा अवयव असून लांद्रीने १८८० मध्ये तिचे अवयव प्रसिद्ध केले. फ(७) चे पूर्ण विभाजन १९७० मध्ये, फ(८) चे १९८० मध्ये व फ(९) चे १९९० मध्ये झाले. फ(५) पासून फ(३२) पर्यंतच्या सर्व संख्या संयुक्त आहेत हे सिद्ध झाले आहे, आणि फ(४) च्या पुढे एकही मूळ संख्या मिळालेली नाही. त्यांत फ(२४) विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. पन्नास लाखांहून अधिक अंकांच्या ह्या संख्येवर पेपांची कसोटी यंत्राच्या साहाय्याने पूर्ण करून ती संयुक्त असल्याचे १९९९ मध्ये निश्चित झाले. तिचा एकही अवयव २०२४ पर्यंत हाती आलेला नव्हता. तिचा प्रत्येक मूळ विभाजक ४क+१ रूपाचा असतो. म्हणून २^(२^२३) चा वर्ग अधिक १ ह्या उघड मांडणीखेरीज दोन वर्गांच्या बेरजेची आणखी एक तरी मांडणी तिला असलीच पाहिजे. ६२,२६४ व २०,४४९ ह्यांच्या जागी तेथे कोणत्या संख्या येतात, हे मात्र कोणीही लिहून दाखविलेले नाही.